तुमचे प्रश्न : शिट्टी माझ्याच विरुद्ध का वाजते?

प्रश्न : मी कॉलेजच्या वॉटर पोलो टीममध्ये सेंटर, म्हणजे समोरच्या टीमच्या गोलपुढचा अटॅकर, खेळतो. डिफेंडर मागून ओढतो, खांद्यावर चढतो, पार पाण्याखाली घालतो तरी शिट्टी वाजत नाही, आणि वाजलीच तर फाऊल माझ्यावर. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रा, आधी हे बघ की तो तुला बुडवतो तेव्हा बॉल कुठे असतो. बहुतेक तुझ्या हातात, आणि तिथेच सगळं अडतं. बॉल हातात धरलेल्या प्लेअरला ओढलं, बुडवलं तरी तो फाऊल नाही, नियमच तसा आहे, आणि त्या झटापटीत तू बॉल पाण्याखाली नेलास की फाऊल तुझा. पण हेच त्याने तुझ्या हातात बॉल नसताना केलं तर मेजर, म्हणजे तो काही सेकंद बाहेर आणि तुम्ही सहा विरुद्ध पाच. असे तीन झाले की तो उरलेल्या मॅचसाठी गेला, म्हणून त्यांच्या सगळ्यात चांगल्या डिफेंडरवर पहिल्या क्वार्टरमध्येच एक मेजर काढला तर नंतर तो तुला जपूनच धरतो.

तेव्हा पास आला की बॉल मुठीत आवळू नकोस. पाण्यावरच हाताच्या अंतरावर राहू दे, तू मध्ये आणि डिफेंडर पाठीशी, त्याने धरलं रे धरलं की बॉल सोड आणि दोन्ही तळवे पाण्याबाहेर काढ. रेफरी काठावरून बघतात, पाण्याखालचं त्यांना फारसं दिसतच नाही, तुझा हात खाली असला तर तूच त्याला धरलंयस असं त्यांना वाटणार ना? पण हात वर ठेवून टिकायचं तर एगबीटर किक (पाय आळीपाळीने गोल फिरवत पाण्यात उभं राहणं) दमदार हवी, पाय संपले की फाऊलही संपले, म्हणून प्रॅक्टिसला रोज हात पूर्ण वर ठेवून पार्टनरला मागून दाबायला सांग. कोपर मारणं, त्याला ढकलून जागा करणं हे मात्र बंद कर, तुझ्या विरुद्धच्या शिट्ट्या बहुतेक त्याच्याच असणार.

काउंटर अटॅकला पुढे निघालास की सरळ रेषेत पोहत राहू नकोस, डिफेंडरच्या समोर आडवा कट घे, आता त्याला तुझ्या पाठीवरून यावं लागतं. गोलपासून 6 मीटरच्या आत तू शॉट मारायला जाताना तो मागून अंगावर आला आणि त्याने फक्त बॉललाच हात न लावता तुलाही अडवलं तर थेट पेनल्टी. इथे मात्र बॉल हातात असला तरी चालतं, 2019 पासूनचा हा नियम अटॅकरच्या फारच फायद्याचा आहे. आणि 6 मीटरच्या बाहेर साधा फाऊल मिळाला तरी सोडू नकोस, बॉलही बाहेरच असेल तर तिथून लगेच थेट शॉट मारता येतो. मान वर ठेव, गोलकीपर सरकलेला असतो.

सर्बियाच्या मॅच बघ, 2016, 2020, 2024 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक गोल्ड आहेत त्यांची. बॉल बघू नकोस, फक्त सेंटरचे हात बघ.

प्रश्न : माझी मुलगी 14 वर्षांची आहे, तिचे कोच फाऊल "काढायला" शिकवतात. ही लबाडी नाही का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, डिफेंडरने खरंच धरलं असेल आणि मुलीने हात सोडून ते रेफरीला दाखवलं तर त्यात लबाडी कसली, धरणारी चुकली ना. कोणी हातही लावला नसताना बुडाल्याचं नाटक करणं वेगळं, त्याला नियमात सिम्युलेशन म्हणतात आणि वारंवार केलं तर टीमला यलो कार्ड मिळू शकतं. कोच यातलं काय शिकवतात ते एकदा प्रॅक्टिसला बसून बघा. पहिलं असेल तर बिनधास्त शिकू द्या, कारण हात मोकळे ठेवून खेळणारी मुलगी झटापटीत कमी सापडते आणि तिला लागतंही कमी. दुसरं असेल तर कोचना स्पष्ट विचारा, या वयात लागलेली सवय पुढे सुटत नाही.