सर्व्हरची डिस्क वाटताना

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

निपाणीच्या पतसंस्थेचा लिनक्स सर्व्हर तू उभा करणार, हे वाचून बरं वाटलं. इन्स्टॉलर विचारेल, अख्खी डिस्क एकाच पार्टिशनला, म्हणजे एकाच कप्प्याला, देऊ का? घाईत होकार देऊ नकोस.

काय वाढत जाणार, आणि ते फुगलं तर कुणाला घेऊन बुडणार, एवढंच आधी बघ. वाढतं ते मुख्यतः व्हार, म्हणजे /var हे फोल्डर. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदी, तिथे, डेटाबेस बहुतेक तिथेच. एखादा प्रोग्रॅम रात्रभर एकच एरर ओकत बसला, की सकाळी डिस्क गच्च, आणि पिग्मी एजंट भरणा घेऊन काउंटरवर उभे असताना डेटाबेस लिहायचं बंद करतो. एक्स्ट-फोर ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत, मुळात 5 टक्के जागा रूट युजरसाठी (सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवते, म्हणून तुला लॉगिन तरी मिळेल. पण डेटाबेस चालतो दुसऱ्या युजरने, त्याला त्या जागेचा काही उपयोग नाही. तेव्हा व्हार वेगळं काढ, त्यातलं लॉगचं आणखी वेगळं.

बूटला, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या फायलींना, 1 जीबी पुरे. रॅम 16 जीबी असेल तर स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, 4 जीबी चालेल. यावर लोक उगाच वाद घालतात. होम, म्हणजे युजरच्या स्वतःच्या फायलींचं फोल्डर, वेगळं हवंच असं नाही, तिथे लॉगिन करणार तू एकटाच.

एलव्हीएम, म्हणजे डिस्कचे कप्पे नंतर लहान-मोठे करू देणारी सोय, मात्र घेच. 500 जीबीच्या डिस्कमधली निम्मी जागा कुणालाच देऊ नकोस, शिंपी कापडात माया सोडतो तशी राहू दे. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम चालू सर्व्हरवर वाढवता येते, लहान करणं जवळजवळ अशक्य. एक्स्ट-फोर लहान होते, पण अनमाउंट करून, म्हणजे काम थांबवून.

स्कॅन केलेल्या कागदांना स्वतंत्र व्हॉल्यूम, म्हणजे एलव्हीएममधला कप्पा, दे. आपल्याकडे फायलींची नावं मराठीत नि कन्नडमध्ये लांबलचक देतात. नावाची मर्यादा 255 बाइट, आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. म्हणजे 85 चिन्हांत नाव संपलं. ही मर्यादा पार्टिशन मोठं करून वाढत नाही. क्लार्क मंडळींना आधीच सांगून ठेव.

जुन्या मशीनवर डीएफ आणि डीयू या जागा मोजणाऱ्या कमांड चालवून आकडे पाठव. व्हारला किती द्यायचं ते त्यावरून ठरवू. शनिवारी संध्याकाळी मी टिळकवाडीत घरीच आहे.

तुझा,
काका