वाचकांचे प्रश्न: साडेपाचची भूक, तुटणारी भाकरी, तेलाचा डबा

प्रश्न: मी कासारवडवलीला राहते, ऑफिस ऐरोलीला. दर महिन्याला डायट सुरू करते: चपाती बंद, साखर बंद, रात्री फक्त सूप. आठ-दहा दिवसांत सगळं सुटतं. दुपारचा डबा साडेबाराला खाते, रात्रीचं जेवण साडेनऊला. मध्ये दोन चहा आणि बिस्किटं. संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरलं की वडापाव खाल्ल्याशिवाय बसच्या रांगेत उभं राहवत नाही. मनाचा निश्चय कसा टिकवायचा?

उत्तर: निश्चयाला दोष देण्याआधी तुमच्याच वेळा पाहा. साडेबारा ते साडेनऊ, म्हणजे नऊ तास. इतक्या उपाशीपोटी तळणाचा वास आला तर कुणाचेही पाय तिकडे वळतील. म्हणून पहिले चार आठवडे चपाती, भात, साखर यांत काहीच बदल करू नका. फक्त साडेपाच वाजता खायची सवय लावा.

रविवारी पाच छोट्या डब्या भरा. प्रत्येकीत ३० ग्रॅम फुटाणे, म्हणजे एक मूठ. त्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत एक केळं किंवा पेरू. हे ऑफिसातच, दुसऱ्या चहाबरोबर, निघण्यापूर्वी खायचं. ‘गाडीत खाईन’ म्हटलंत की गर्दीत डबी पर्समधून निघणार नाही आणि भूक स्टेशनपर्यंत तुमच्यासोबत येईल.

बिनसतं ते बारीकसारीक गोष्टींत. पावसाळ्यात फुटाणे सादळतात आणि मग खावेसेच वाटत नाहीत. त्यामुळे डब्या घट्ट झाकणाच्या हव्यात. मोड आलेले मूग सकाळी भरून नेले तर आपल्याकडच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत त्यांना आंबूस वास येतो, ऑफिसात फ्रीज असेल तरच न्या. आणि चिवड्याचा मोठा डबा ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मोठ्या डब्यातून खाताना किती खाल्लं ते कळत नाही.

वडापाव कायमचा बंद करू नका, शुक्रवारी खा. पाचपैकी चार दिवस साडेपाचचं खाणं जमलं तर तो आठवडा जमला असं धरा. ते अंगवळणी पडलं की मग चहाकडे वळा. दोन चमचे साखर घेत असाल तर दीड चमचा करा आणि दोन आठवडे तिथेच थांबा, मग एक चमचा. जिभेला इतका वेळ दिला की चहा बेचव लागत नाही. एकदम बिनसाखरेच्या चहावर गेलेली माणसं बहुतेक वेळा परत दोन चमच्यांवर येतात.

प्रश्न: घरात आठवड्यातून काही दिवस चपातीऐवजी ज्वारीची भाकरी सुरू करायची आहे. सासूबाई थापतात ती छान फुगते, माझी परातीतून उचलतानाच तुटते. डब्यात तर लाकडासारखी होते. (नेरुळ)

उत्तर: आधी पीठ तपासा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे चिकटपणा हा ताज्या पिठाचा आणि गरम पाण्याचा. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि मग कितीही मळलं तरी कडा फाटतात. गिरणीतून एका वेळी किलोभरच दळून आणा, पंधरा दिवसांत संपेल एवढं.

सुरुवातीला उकड काढूनच करा. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, त्यात एक वाटी पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तोच भाकरी धरून ठेवतो. उकड हाताला सोसेल एवढी गरम असतानाच पाण्याचा हात लावून पाच मिनिटं चांगली मळा. गार झालेली उकड मळली तर गुठळ्या राहतात. थापताना एका भाकरीपुरताच गोळा घ्या, बाकीची उकड झाकलेली असू दे.

तवा कडकडीत तापलेला हवा. भाकरी टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर पृष्ठभागाला चिरा पडतात, त्यातून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. सासूबाईंना एकदा तव्याजवळ उभं राहून पाहा, उलटण्याची वेळ त्यांच्या नजरेत बसलेली असते.

भाकरी गार होताना स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून ती कडक होते. डब्यासाठी उकडीची आणि पातळच करा, वाफ गेल्यावर सुती फडक्यात गुंडाळा. खरं तर पहिला महिना डबा सोडाच, सोमवार आणि गुरुवारच्या रात्री गरम भाकरी करा. पिठलं, मेथी किंवा आमटी सोबत असली की मुलंही खातात. घरात कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर जेवणाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून बदला.

प्रश्न: चार माणसांत महिन्याला ५ लिटर तेल लागतं. हे जास्त आहे का? (वागळे इस्टेट)

उत्तर: हो. ५,००० मिलिलिटरला ३० दिवस आणि ४ माणसांनी भागा: माणशी रोज ४१ मिलिलिटरच्या वर, म्हणजे पोहे खायचे आठ चमचे. बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. ३ लिटर म्हणजे माणशी २५ मिलिलिटर, तिथवर यायचं, पण चार महिन्यांत, दर महिन्याला अर्धा लिटर कमी करत. डबा फोडला त्या दिवसाची तारीख मार्करने त्यावरच लिहा.

कढईत बाटली तिरकी करून तेल ओतणं थांबवा, चमच्याने मोजून घाला: चौघांच्या भाजीला चार चमचे. तेल कमी केल्यावर भाजी तळाला लागते ही नेहमीची तक्रार. त्यासाठी आच मंद ठेवा आणि कढईवर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. वाफ आतच राहते, भाजी तिच्याच पाण्यात शिजते. गरज पडली तर झाकणावरचंच गरम पाणी भाजीत घाला. भेंडीला मात्र झाकण नको, चिकट होते. तिला पसरट तवा घ्या.