पेंढ्याला एन्झाइम लावून दूध वाढेल का?

प्रश्न : आरे कॉलनीत माझ्या सात संकरित गायी आहेत. हिरवा चारा महागला की भाताच्या पेंढ्यावरच भागवावं लागतं. एका विक्रेत्याने चारा पचवणाऱ्या एन्झाइमची पावडर दिली आणि पाण्याच्या बादलीत घालायला सांगितली. महिना झाला, दूध तेवढंच आहे आणि शेणात लांब काड्या दिसतात. पावडर बंद करू का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : बादलीतून देणं आजच थांबवा. माझी अर्धी नोकरी मुंबईच्या तबेल्यांत गेली. जोगेश्वरीच्या एका गोठ्यात हीच पावडर गरम पाण्यात कालवताना मी पाहिली होती. एन्झाइम हे प्रथिन आहे, कढत पाण्यात ते निकामी होतं. मालकाचे पैसे वाया गेले, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं.

गायीच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव स्वतःच सेल्युलेज, झायलनेज ही एन्झाइमं तयार करून चाऱ्यातले तंतू फोडतात. बाहेरचं एन्झाइम त्यांना फक्त हातभार लावतं. ते कोमट किंवा साध्या पाण्यात मिसळून कोरड्या कुट्टीवर (कापलेल्या चाऱ्यावर) शिंपडलं, की तंतूंना चिकटतं आणि पोटात जास्त टिकतं. मात्रा पाकिटावर असेल तेवढीच घ्या. जास्त घातल्याने उलट परिणाम कमी झाल्याचंही प्रयोगांत दिसलं आहे. लिग्निन (तंतूंना कडक करणारा घटक) आणि पेंढ्यातली सिलिका (वाळूसारखं खनिज) मात्र या एन्झाइमांना दाद देत नाहीत.

पण तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. प्रथिनांतला नायट्रोजन मिळाला नाही तर कोठीपोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात, मग वर कितीही एन्झाइम शिंपडा. सरकी पेंड देता का, किती देता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. युरिया प्रक्रियेने पेंढा सुधारतो : 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर लावत शिंपडायचा आणि हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचा. घालण्याआधी पसरून अमोनियाचा वास उडू द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो देऊ नका, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाजवळ येता कामा नये, ते जीव घेतं. तबेल्यात जागा नसते हे मला ठाऊक आहे. जिथून पेंढा आणता तिथल्या शेतकऱ्याकडूनच हे करून घेता आलं तर पाहा.

मूठभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा. लांब काड्या राहिल्या तर कुट्टी आणि आंबोण (पेंडीसारखा खुराक) दोन्ही तपासा. आंबोण फार झालं की कोठीपोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतो आणि तंतू न पचता निघून जातो.

हे सगळं सावरल्यावर पावडरीची परीक्षा घ्या. तीन गायींना द्या, चारींना नको. तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. रोजचं दूध गायीगणिक वहीत लिहा. वाढीव दुधाचे पैसे पावडरीच्या खर्चापेक्षा कमी भरले तर तेवढ्या रकमेची सरकी पेंड आणा.