देवाच्या नावाने धाक नको

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सासूबाई माळकरी, घरात रोज संध्याकाळी हरिपाठ. नवरा देव न मानणारा. आणि दोघांच्या मधे चार वर्षांचं पोर. ‘काकू, त्याला देवाचं काय सांगू?’ असं तू विचारलंस. मी स्वतः वारकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ असलेली बाई. तेव्हा मी तटस्थपणे काही सांगेन असं समजू नकोस. माझी विठोबावर श्रद्धा आहे आणि ती मुलांपर्यंत पोचावी असं मला फार वाटायचं. आजही वाटतं.

म्हणूनच पहिलं सांगणं हे, की पोराला धाक घालायला देव वापरू नकोस. ‘खोटं बोललास तर देवबाप्पा शिक्षा करेल’, ‘ताट टाकलंस तर देव रागावेल’ ही वाक्यं दमलेल्या आईच्या तोंडी सहज येतात. त्या वेळेपुरतं पोर ऐकतंही. पण मग देव म्हणजे कुठून तरी लपून पाहणारा पोलीस, असं त्याच्या डोक्यात बसतं. पंधरा-सोळाव्या वर्षी धाक सुटतो आणि त्याच्याबरोबर देवही सुटतो. खोटं का बोलू नये, तर त्याने माझा तुझ्यावरचा भरवसा जातो. ताट का टाकू नये, तर ते पिकवायला आणि रांधायला कुणी तरी राबलंय. एवढं पुरतं.

नवसाचंही तसंच. ‘पहिला नंबर आला तर नारळ फोडू’ हा सौदा झाला, भक्ती नाही. नवसाने पोरं होत असती तर नवरा कशाला हवा, असं तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी रोखठोक विचारून ठेवलंय. सासूबाईंशी वाद व्हायची वेळ आली तर तुकोबांनाच पुढे कर.

आता अवघड भाग. घरात कुणी गेलं की लोक लहान मुलांना सांगतात, ‘देवाला आवडला म्हणून देवाने नेलं.’ माझे सासरे गेले तेव्हा शेजारच्या एका बाईंनी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला मायेने हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी देवापुढे निरांजन लावायला गेले, तर ती माझा पदर धरून मागे ओढायला लागली. काडेपेटी हातातून हिसकावून घेतली. किती तरी वेळ काही बोलेना. शेवटी रडत म्हणाली, ‘तू दिवा लावू नको. तू त्याला आवडशील.’

मी खाली बसून तिला मांडीवर घेतलं आणि सरळ सांगितलं. आजोबा फार म्हातारे झाले होते, त्यांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण शरीर थांबलं. कुणी त्यांना उचलून नेलं नाही. ‘मग देव काय करतो?’ हा पुढचा प्रश्न आलाच. मी म्हटलं, ‘सगळं मलाही कळत नाही. पण मला खूप रडू येतं तेव्हा मी त्याचं नाव घेते, आणि मला एकटं वाटत नाही.’ ती पुन्हा दिव्याजवळ यायला बरेच दिवस गेले. मी बोलावलं नाही, ती आपणहून आली. तुझ्या मुलाचेही असे प्रश्न येतील. जेवढं तुला खरंच वाटतं तेवढंच सांग. आईने ‘ठाऊक नाही’ म्हटलं म्हणून देव लहान होत नाही, पण सोयीचं खोटं मूल फार लवकर ओळखतं.

आणखी एक प्रश्न येईल, तो टाळू नकोस. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. पोर विचारेलच, की एवढे मोठे संत आणि समाधी बाहेर का? तेव्हा पायरीला हात लावून पुढे सरकू नकोस. थांब आणि सांग. ते महार होते म्हणून त्यांना देवळात येऊ देत नसत, आणि हे करणारी माणसं स्वतःला देवाची म्हणवत होती. चोखोबांनंतरही कित्येक शतकं ते दार त्यांच्या माणसांना बंदच राहिलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरातच प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठे ते उघडलं. आळंदीच्या चार भावंडांचंही सांग. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकणारे धर्माचंच नाव घेत होते. काहींना वाटतं, लहान वयात हे कशाला, श्रद्धा डळमळेल. मला उलटं वाटतं. आपल्या माणसांनी केलेला अन्याय जिच्या तोंडून ऐकला, त्या आईच्या देवावर मूल विश्वास ठेवू शकतं. हेच त्याला पुढे बाहेरून कळलं, तर तू लपवलंस एवढंच त्याच्या लक्षात राहील.

नवऱ्याशी मात्र एकदा नीट बोलून घे, पोर झोपल्यावर. हात जोडणाऱ्या आजीला त्याने पोरासमोर हसायचं नाही. ‘तुझा बाप नास्तिक आहे, पाप लागेल’ हे आजीने पोराला म्हणायचं नाही, आणि हे सासूबाईंना सांगायचं काम त्याचं, तुझं नव्हे. बाकी दोघांनी आपापलं वागत राहावं. घरात दोन मतं असली म्हणून पोरं बिघडत नाहीत. एकमेकांचा पाणउतारा पाहून बिघडतात.

हरिपाठाला त्याला मांडी घालून बसवायची घाई नको. त्याच खोलीत गाड्या खेळू दे. आमच्याकडे मुलगा टाळाच्या नादाने आला. टाळाची दोरी बोटांना घट्ट गुंडाळून घ्यायचा, ताल चुकवायचा, मधेच उठून पळायचा. कुणी रागावलं नाही. एकादशीला त्याचं सगळं लक्ष साबुदाण्याच्या खिचडीत असायचं, तेही चालतं. पुढे मुलीने माळ घातली, मुलाने घातली नाही. तो देवळात येतो तो मला पायऱ्या चढताना हात द्यायला. पालखी आली की रात्रभर वारकऱ्यांच्या पायांचे फोड धुऊन मलमपट्टी करत बसतो आणि स्वतःला श्रद्धाळू म्हणवून घ्यायला साफ नकार देतो. मी त्याच्याशी त्यावर वाद घालत नाही. मला त्याच्यात काही उणं दिसत नाही.

यंदा पोराला पालखी दाखवू का, असं विचारलंयस. जरूर दाखव. दिवे घाटात नको, त्या रेट्यात लहान मूल घाबरतं. सासवडला जा. माउलींची पालखी तिथे दोन रात्री मुक्कामाला असते, त्यामुळे सवडीने फिरता येतं, आणि सोपानदेवांची समाधीही तिथेच आहे. वारीत धाकटं-थोरलं न पाहता माणसं एकमेकांच्या पाया पडतात. एखादे पांढऱ्या मिशांचे आजोबा ‘माउली’ म्हणत तुझ्या पोराच्याही पाया पडतील. ते बिचकेल, तुझ्या मागे लपेल. लपू दे, ‘तूही पड’ म्हणून पुढे ढकलू नकोस. नवऱ्यालाही ने, सामान आणि पोर दोन्ही एकटीने उचलवणार नाहीत. पोराच्या खिशात तुमचे दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव, पाऊस असतो म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत घाल, आणि पायात चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या सँडल घाल.

तुझी,
काकू