आजोबांच्या कपाटात आग्फा कंपनीचा क्लिक थ्री हा जुना कॅमेरा सापडला. तो अजून चालेल का? आणि डिजिटलच्या जमान्यात लोक रोलच्या कॅमेऱ्यासाठी एवढे हळवे का होतात?

आधी प्रश्नाचा सोपा भाग. तुमचा क्लिक थ्री बहुधा चालेल, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. बॅटरी नाही, उजेड मोजायचा मीटर नाही. भिंगाजवळ ऊन आणि ढगाळ अशा खुणा, एक खटका आणि रोल पुढे सरकवायची चावी, एवढाच कारभार. त्याला 120 चा रोल लागतो. तो आजही बनतो आणि आपल्याकडे ऑनलाइन मिळतो. एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात.

पण मागचं झाकण लगेच उघडू नका. पाठीला एक छोटी लाल खिडकी आहे, त्यातून आत बघा. कागद किंवा आकडा दिसत असेल तर आत रोल आहे, आणि तो आजोबांनीच भरलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी चावी हलक्या हाताने फिरवत राहा. ती सैल लागली की रोल पूर्ण गुंडाळला गेला असं समजा. मग अंधाऱ्या खोलीत झाकण उघडा, रोल सुटू न देता त्याला चिकटपट्टी लावा आणि काळ्या कागदात गुंडाळा. ब्लॅक अँड व्हाइट रोल अजून हाताने धुणाऱ्या लॅबकडेच तो द्या, आणि रोल फार जुना आहे हे सांगून ठेवा. अनेक वर्षं पडून राहिलेल्या रोलवरही कधीकधी धूसर का होईना, चित्र निघतं. प्रकाश पडल्यावर चांदीच्या क्षारांच्या कणांत झालेला तो सूक्ष्म बदल चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, म्हणजे डेव्हलपरची, वाट बघत तसाच थांबलेला असतो.

आता लोक हळवे का होतात ते. याची नेहमीची उत्तरं तुम्ही वाचली असतील: रोलचे रंग वेगळे, कण सुंदर, फोटो धुऊन येईपर्यंतची हुरहूर, मोजकेच फोटो असल्यामुळे विचार करून काढणं. ही सगळी खरी आहेत. पण रोलच्या कॅमेऱ्याने आपल्याला सगळ्यात मोठं जे दिलं ते वेगळंच आहे, असं मला मनापासून वाटतं. आपण जे जपायचं ठरवलं नव्हतं, तेही त्याने जपलं. त्याला डिलीटचं बटण नव्हतं.

कॉलेज झाल्यावर काही वर्षं मी मिरजेत एका फोटो स्टुडिओत काम करत होतो. पुढे काउंटर, मध्ये पडदा आणि दोन दिवे लावलेली फोटो काढायची खोली, मागे डार्करूम. ब्लॅक अँड व्हाइट कॉपी काढताना लाल बल्ब चालायचा, कारण त्या कागदाला लाल उजेड जवळपास कळतच नाही. कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडून ट्रे हळूहळू हलवत राहायचं. आधी काळे भाग वर यायचे: केस, भुवया, साडीचे काठ. गाल आणि कपाळ सगळ्यात शेवटी भरायचं. मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. हायपो नीट धुतला गेला नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, म्हणून मालक त्या शेवटच्या धुण्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचे.

काउंटरखालच्या कप्प्यांत निगेटिव्हची पाकिटं ओळीने लावलेली असायची. प्रत्येकावर नंबर, आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे. हे रजिस्टर म्हणजे गावाचं दप्तरच होतं. लोक दहा-पंधरा वर्षांनी परत यायचे, आणि पुष्कळदा घरात कुणीतरी गेलं म्हणून यायचे.

तासगावकडचं एक कुटुंब आलं होतं, ते मला लख्ख आठवतं. मुलाच्या हातात सोसायटीच्या कुठल्याशा समारंभाचा ग्रुप फोटो होता. वडील मागच्या रांगेत, पुढच्या माणसाच्या फेट्याआड अर्धे झाकलेले. "यातले आमचे दादा तेवढे मोठे करून द्या," मुलगा म्हणाला. दुसरा फोटो नव्हता. आयुष्यभरात त्या माणसाने स्वतःचा फोटो म्हणून कधी काढूनच घेतला नव्हता. तो ग्रुप आमच्याच स्टुडिओने काढलेला होता. रजिस्टरवरून निगेटिव्ह सापडली, आणि ती 120 ची, म्हणजे चांगली मोठी होती. मालकांनी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, वरपर्यंत नेला, चेहऱ्याचा तेवढाच भाग कागदावर घेतला, फेट्याची कडा जिथे गालावर येत होती तिथे नंतर ब्रशने टचिंग केलं. चेहरा दाणेदार आला, थोडा मऊ आला, पण दादा होते. त्यांच्या म्हातारीने फोटो हातात घेतला आणि आधी पदराने पुसला.

मूळ फोटो दादांचा नव्हताच, तो सोसायटीच्या चेअरमनांचा होता. दादा त्यात आपोआप आले आणि राहिले. रोलच्या कॅमेऱ्याबद्दल मला जी ओढ वाटते ती अशा गोष्टींमुळे.

घराघरांतले अल्बम बघा. रोल धुऊन आला की सगळ्याच्या सगळ्या कॉपी यायच्या. हललेल्या, डोळे मिटलेल्या, डोकं कापलेल्या, सगळ्या. पैसे दिलेत तर ठेवा म्हणून त्याही अल्बमात नाहीतर पाकिटात राहायच्या. आमच्याकडे माझ्या चुलत बहिणीच्या बारशाचा असा एक फोटो आहे. काकूचं तोंड भलतीकडेच, बाळ हललेलं. म्हणून फोटो बाद. पण मागे आमचं जुनं स्वयंपाकघर आहे: फळीवर चढत्या आकाराने लावलेले पितळेचे डबे, वातीचा स्टोव्ह, दूधवाल्याचे खाडे लिहिलेलं कॅलेंडर, आणि कडेला आईचा अर्धा खांदा. त्या स्वयंपाकघराचा दुसरा फोटो कुणाकडेही नाही. चारचौघांत दाखवण्यासारखं ते आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं. आज मोबाईलवर तो फोटो निघाला असता तर काकूने जागच्या जागी पुसायला लावला असता आणि दुसरा, सगळे हसरे असलेला, काढला असता.

यावर कुणी म्हणेल की आज तर स्वयंपाकघराचे, जेवणाच्या ताटाचेही फोटो निघतात. निघतात, आणि मीही काढतो. रात्रीचा समारंभ, धावतं पोर, कमी उजेड यात आजचा फोन जे करतो ते आमच्या स्टुडिओतल्या महागड्या कॅमेऱ्यालाही जमलं नसतं. चित्राच्या दर्जाचं भांडण माझ्या दृष्टीने मिटलेलं आहे. पण फोटो राहण्याचं काय? ओळखीच्या घरांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. 1985 चं लग्न अल्बममध्ये आहे. 2006 चं लग्न अशा सीडीवर आहे की जी आता घरातल्या कुठल्याच यंत्रात जात नाही, आणि गेली तरी उघडेलच असं नाही. रोल गेला आणि क्लाउड अजून यायचा होता, त्या मधल्या वर्षांतले कित्येक फोटो बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये आणि ड्रॉवरमधल्या जुन्या फोनमध्ये अडकलेत. निगेटिव्हला यंत्र लागत नाही. खिडकीच्या उजेडासमोर धरली की माणूस ओळखू येतो.

कॅमेऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं त्याच्या घराण्याबद्दल. तुमचा क्लिक थ्री आपल्याकडेच, वडोदऱ्यात बनायचा. आपल्याकडे पूर्वी रोलही बनायचा. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला आणि त्याचा 'इंदू' छापाचा ब्लॅक अँड व्हाइट माल देशभर चालायचा. तो कारखाना पुढे बंद पडला. तिकडे अमेरिकेत कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता. त्यात एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागायचे. ज्या कंपनीचा संसार रोलवर चालला होता तिनेच हे केलं, आणि 2012 मध्ये तिलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याआधी, 2009 मध्ये, कोडॅकने कोडाक्रोम ही आपली नावाजलेली रंगीत फिल्म बंद केली. कारखान्यातून निघालेला तिचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅककरी या नामवंत अमेरिकन छायाचित्रकारांना मिळाला. त्या 36 फोटोंसाठी ते जगभर कुठेही जाऊ शकले असते, पण त्यांनी त्यातले काही आपल्या मुंबईत सिनेमाच्या कलाकारांचे काढले आणि काही राजस्थानात रबारी या पशुपालक समाजातल्या लोकांचे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

असो. रोलचा कॅमेरा मेलेला नाही. 2024 मध्ये पेंटॅक्स कंपनीने 17 नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे घेणारी तरुण मंडळी आहेत. तुम्हीही जरूर वापरा, फक्त रोल, धुणं आणि स्कॅन धरून एका रोलचा खर्च आज हजाराच्या वर सहज जातो हे माहीत असू द्या.

क्लिक थ्रीमध्ये 100 किंवा 125 आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घाला. आयएसओचा आकडा जितका मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो. 400 चा नको, कारण या कॅमेऱ्याचं शटर संथ आहे आणि आपल्या उन्हात त्यावर फार उजेड पडेल. रोल सावलीत भरा. लाल खिडकीवर बाहेरून काळी टेप लावा आणि चावी फिरवतानाच ती उचला. पूर्वीच्या बऱ्याच फिल्म लाल उजेडाने बिघडत नसत, आताच्या बिघडतात. खटका दाबताना हात छातीशी घट्ट धरा. रोल घरी धुवायची हौस असेल तर डेव्हलपरचं तापमान साधारण 20 अंश लागतं आणि आपल्या नळाला उन्हाळ्यात 30 च्या आसपास पाणी येतं. म्हणून भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. केस ओल धरते आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

मात्र हे सगळं नंतर. कॅमेरा ज्या कपाटात मिळाला तेच कपाट आधी नीट शोधा. निगेटिव्ह बहुतेक अल्बमच्या मागच्या कप्प्यात, बिस्किटाच्या डब्यात किंवा लॅबच्या पाकिटात असतात. कडेलाच धरा, मधे बोट लावू नका. एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ओढू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा पाया, म्हणजे तिची पारदर्शक पट्टीच, विघटित होऊ लागली आहे, त्या वेगळ्या ठेवा आणि सगळ्यात आधी त्यांचं स्कॅन करून घ्या. स्कॅनर नसेल तर टॅबलेटवर कोरा पांढरा स्क्रीन लावा, काचेपासून बोटभर वर निगेटिव्ह धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके येणार नाहीत, आणि वरून फोनने फोटो काढून ॲपमध्ये त्याचे रंग उलटे करून घ्या, म्हणजे काळ्याचं पांढरं होईल. अल्बम चिकट पानांचा असेल तर फोटो खरवडून काढायला जाऊ नका. आधी पानासकट फोटो काढून घ्या.

आणि घरात आजी किंवा आजोबांच्या पिढीतलं कुणीही असेल तर कॉपी घेऊन त्यांच्यापाशी बसा. कोण, कुठलं गाव, कुणाचं लग्न, हे विचारा आणि कॉपीच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.