जुना पगार विचारला तर

अगं पोरी,

नव्या नोकरीबद्दल विचारलंस, 'आत्ताच्या पगारावर तीस टक्के देतायत, आणखी मागितलं तर हावरट वाटेन का?' वाटशील की नाही ते सोड. मला टोचलं ते 'आत्ताच्या पगारावर'. म्हणजे पहिल्याच फोनवर आकडा सांगून मोकळी झालीस ना?

पगार कामाचा असतो. तुझ्या आधीच्या साहेबाने तुला किती स्वस्तात मिळवलं, याच्याशी नव्या कामाचा काडीचा संबंध नाही.

१९७४ साली ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबेल अशी आतून सोय. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? तरी आकडा डोक्याला चिकटला. तुझी सॅलरी स्लिप म्हणजे तेच चक्र. आणि ते तू स्वतःच्या हाताने फिरवून दिलंस.

काही ठिकाणी जुना पगार विचारायलाच बंदी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये तसा कायदा केला, कॅलिफोर्नियात तो २०१८ पासून आहे, युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही तेच. बायकांना एकदा कमी दिलं की ते कमीपण नोकरीमागून नोकरी मागे लागतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. तुझ्याकडे कायदा नसेल, कारण तर आहे.

माझ्यानंतर लागलेला, शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच कामाचे माझ्यापेक्षा जास्त घेत होता, हे मला प्रिंटरवर विसरलेल्या कागदावरून कळलं. वाढ दोघांना सारख्याच टक्क्यांनी. वर्षाला ८ टक्के धर, ९ वर्षांत आमच्यातला फरक दुप्पट. आणि तक्रार करायची तर कुणाची? टक्के तर सारखेच! अजूनही आठवलं की जीव जळतो.

असो. आता सांगितलेला आकडा परत घेता येत नाही, आणि खोटा तर सांगायचाच नाही. स्लिपा मागतात, ऑफर जाते. पण गाडी कामावर आणता येते. बाजारात या कामाला काय मिळतं ते त्याच कामातल्या माणसांना विचार, मग मेल कर: 'या पदावर या-या जबाबदाऱ्या माझ्याकडे असतील, त्यासाठी माझी अपेक्षा इतकी.' एकच आकडा. 'इतके ते इतके' लिहिलंस की त्यांना पहिलाच ऐकू येतो. घरभाडं, कर्ज, आईचं दुखणं यातलं अक्षर नको. पगार कामाचा असतो, गरजेचाही नाही. फोन आला तर आकडा सांगून गप्प बसायचं. तुला ते जमणार नाही, 'पण थोडं इकडेतिकडे चालेल' म्हणशील. म्हणू नकोस गं! जॉइनिंग बोनस देऊ केला तर घे, पण तो एकदाच येतो. पुढची वाढ फिक्स पगारावर मोजतात.

या हट्टापायी मी एक चांगली नोकरी घालवली, हे तुला कुणीतरी सांगेलच. एचआरची बाई स्लिप मागत राहिली, मी 'कामाचं बोला' म्हणत राहिले. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. मी जुन्याच जागी राहिले, आणि तिथला साहेब काही देवमाणूस नव्हता. तरी मी बरोबर होते. जिथे दारातच अशी घासाघीस, तिथे दरवर्षी हीच कटकट झाली असती. असं मी म्हणते. आमच्या घरात याबद्दल दोन मतं आहेत.

मेल लिहिलास की आधी मला पाठव. 'शक्य असल्यास' आणि 'गैरसमज नसावा' मी खोडणारच आहे. आणि नवा आकडा छापलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, कितीही घाई केली तरी.

तुझी,
ताई