कॅमेरा घेण्याआधी, बाबू

बाबू, कापूस वेचणीचे तुझे मोबाइलवरचे फोटो पाहिले. भरलेल्या ओटीतून कापूस सांडतोय, तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. नजर आहे तुझ्याकडे. पण फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा म्हणून कर्ज काढून नवा कॅमेरा घेऊ नको. तपासून घेतलेला जुना कॅमेरा आणि ५० एमएमची एफ १.८, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्स सुरुवातीला पुरते. मांडवातल्या कमी उजेडात हीच लेन्स कामी येते.

आपल्याकडे लग्नं भर उन्हाळ्यात. बाराच्या उन्हात नवरीच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तिला कडुनिंबाच्या सावलीत, पण सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभं कर. पानांतून येणारे कवडसे चेहऱ्यावर पडू देऊ नको.

पोट आधी बारशा-साखरपुड्यांवर भरेल. इसार घेतल्याशिवाय तारीख धरू नको. आणि फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेव. एका लग्नाचे फोटो असलेलं मेमरी कार्ड माझ्याकडून खराब झालं, दुसरी प्रत नव्हती. त्या नवरीच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

ताडोब्यातल्या वाघामागे सगळेच धावतात. तू आपल्या गावच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो दरवर्षी काढ, लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांच्या उंचीवर बसून. यंदा मी येतो सोबत.